गाठीला सुई लावायची की नाही?

“सुई लावली की पसरतो म्हणतात, ते खरं का?” कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करताना हा प्रश्न जितक्या वेळा समोर येतो तितका दुसरा कुठलाच येत नाही. शब्द तेवढे बदलतात. कुणी म्हणतं गाठ डिवचू नये, कुणी म्हणतं सुईने ती चवताळते, कुणी म्हणतं एकदा तुकडा काढला की माणूस हाती लागत नाही. विचारणाऱ्यांत शेतकरी असतात, तसे इंजिनिअर आणि शाळेचे मुख्याध्यापकही असतात. मॅमोग्राफी होते, सोनोग्राफी होते, बायोप्सीची, म्हणजे सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासण्याची, तारीख मिळते आणि त्या दिवशी रुग्ण येतच नाही. चार महिन्यांनी येतो तेव्हा उपचारांचं सगळं गणित बदललेलं असतं.

पुढे ज्या कुटुंबाबद्दल लिहिलंय ते ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. बऱ्याच बैठकांमधलं मोजकंच बोलणं इथे घेतलं आहे.

साताऱ्याकडच्या एक काकू, वय पन्नाशीच्या पुढे. डाव्या स्तनात तीन सेंटिमीटरची गाठ. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स ५’ लिहिलेलं, म्हणजे कर्करोग असण्याची शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. बायोप्सीच्या दोन तारखा हुकल्यावर डॉक्टरांनी त्यांना समुपदेशनाला माझ्याकडे पाठवलं. सोबत मुलगा आणि थोरले दीर होते. काकू बोलत नव्हत्या, मुलगा काकांकडे बघून बोलत होता. निर्णय कुणाच्या हातात आहे ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

दीर म्हणाले, “मॅडम, आमच्या बहिणीचं असंच झालं. चांगली हिंडतीफिरती होती. तुकडा काढला आणि सहा महिन्यांत गेली. आता वहिनींच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही.”

अशा वेळी आकडेवारी काढून बसलं की बोलणं तिथेच संपतं. घरातला मृत्यू कुणी टक्केवारीने खोडू शकत नाही आणि खोडायचा प्रयत्नही करू नये. घटना खरी असते. त्या घटनेला आपण जो अर्थ लावलेला असतो तो मात्र तपासता येतो, आणि भीती बहुतेक वेळा त्या अर्थात असते. म्हणून मी सुईबद्दल काही बोललेच नाही. विचारलं, “भाऊ, ताईंची गाठ घरात पहिल्यांदा कुणाला कळली?”

“आमच्या मंडळींना. दिवाळीला माहेरी आली होती, तेव्हा दाखवली.”

“मग?”

“दुखत नव्हती, म्हणून राहिलं. गावच्या यात्रेला आली तेव्हा काखेतपण लागत होती म्हणे.”

“आणि तुकडा काढला तो कधी?”

“पुढच्या दिवाळीनंतर.”

“रिपोर्ट आल्यावर उपचार लगेच सुरू झाले?”

“नाही. एकांनी झाडपाल्याचं औषध सांगितलं होतं. तीनेक महिने ते दिलं.”

ते सांगत होते तसं मी कागदावर एकाखाली एक लिहीत गेले: दिवाळी, यात्रा, दुसरी दिवाळी, सुई, झाडपाला, दवाखाना. कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो वरून खाली वाचला, परत वर गेले आणि ‘यात्रा’ या शब्दावर बोट ठेवून थांबले. “म्हणजे सुई लागली तेव्हा काखेत आधीच आलं होतं.”

माझ्या कामात मी ज्या क्षणाची वाट बघते तो हा. मी हे वाक्य सांगितलं असतं तर ते माझं राहिलं असतं. त्यांनी ते स्वतः काढलं, म्हणून घरी गेल्यावरही टिकलं. पण असे अनेक कागद लिहिल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे: हा क्षण आला की काम संपत नाही, ते नाजूक होतं. कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं, आणि दिरांनीही तेच उच्चारलं. “मग उशीर आम्हीच केला म्हणायचा.”

सुईवरचा हा विश्वास इतका चिवट का, याचं उत्तर मला इथे सापडतं. दोष सुईवर ठेवला की वर्षभर गेलेल्या वेळाचा दोष कुणावर येत नाही. समजूत काढून घेतली की ते ओझं थेट माणसाच्या खांद्यावर येतं, आणि ते पेलवलं नाही तर तो परत जुन्या समजुतीकडे वळतो. म्हणून मी तिथेच थांबून म्हटलं, “दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, असं तेव्हा तुम्हाला वाटत होतं. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही हे कुणी सांगितलंच नव्हतं. जे माहीत होतं त्यावर तुम्ही ठरवलंत. आज जास्त माहीत आहे.” ते बराच वेळ बहिणीबद्दल बोलत राहिले. त्या दिवशी बायोप्सीचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि तो मी काढलाही नाही.

पुढच्या वेळी त्यांनीच विचारलं, “पण सुईनं पसरतच नाही का?” याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. ‘अजिबात नाही’ असं ठोकून दिलं आणि उद्या कुणी अपवाद सांगितला, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरूनही विश्वास उडतो.

कर्करोग पसरतो तो स्वतःच्या गुणाने. त्याच्या पेशी आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांत आणि लसिकावाहिन्यांत शिरतात, सुई लागो वा न लागो. स्तनाच्या बायोप्सीनंतर सुईच्या वाटेत काही पेशी सरकलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात, पण त्यातल्या बहुतेक तग धरत नाहीत. शिवाय पुढची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन त्याच भागावर होतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या २,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुईने नमुना घेतलेले रुग्ण लवकर दगावले नव्हते, उलट त्यांचं आयुर्मान सरासरीने जास्तच होतं.

जिथे खरोखर जपावं लागतं त्या जागा डॉक्टरांना माहीत असतात. वृषणात गाठ असेल तर अंडकोशातून सुई घालत नाहीत, जांघेतून छेद घेऊन पूर्ण वृषणच काढून तपासतात. अंडाशयापुरती मर्यादित संशयास्पद गाठ सहसा टोचत नाहीत, कारण आतला द्रव पोटात सांडू शकतो. यकृताच्या काही गाठींत सुईच्या वाटेत पेशी रुजण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन आहे, त्यामुळे सिरॉसिसच्या (यकृत निबर होण्याच्या आजाराच्या) रुग्णात सीटी किंवा एमआरआयवर ठरावीक चित्र दिसलं तर बायोप्सीशिवायही निदान करतात. हाडाच्या आणि स्नायूंच्या कर्करोगात, म्हणजे सार्कोमात, सुईची वाटच पुढच्या शस्त्रक्रियेत कापून काढता येईल अशी आखावी लागते. तिथे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्यानेच बायोप्सी करावी. जवळच्या दवाखान्यात ‘गाठ काढून टाकू, मग बघू’ म्हणून घाईने कापलेली गाठ जास्त नुकसान करते, हे मी आवर्जून सांगते.

दीर ऐकत होते. मग म्हणाले, “अडत्याकडं पोत्यात नळी खुपसून ज्वारी बघतात, तसंच की हे. पोतं न फोडता आतलं कळतं.” मी म्हटलं, अगदी तसंच.

मग पुरुषांना चहाला पाठवून मी काकूंजवळ बसले. “काकू, तुम्हाला काय विचारायचंय?” आधी पदराशी चाळा केला, मग एकदम तीन प्रश्न आले. किती कापतात? बेशुद्ध करतात का? आणि तिथे पुरुष डॉक्टर असेल का? ज्या बाईची बायोप्सी व्हायची होती तिला इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. तिसऱ्या प्रश्नासाठीच पहिली तारीख हुकली होती. स्त्री कर्मचारी सोबत असावी असं सांगायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, तो वापरावा.

बाकीचं मी क्रमाने सांगितलं. बेशुद्ध करत नाहीत. झोपवून सोनोग्राफीने गाठ बघतात, त्वचा साफ करतात आणि जागा बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. ते काही सेकंद चुरचुरतं, नंतर फक्त दाब जाणवतो. तीन-चार मिलिमीटरची चीर घेऊन १४ गेजची सुई आत जाते. स्प्रिंगच्या यंत्राचा ‘टक’ असा मोठा आवाज होतो आणि त्याला बायका दचकतात, म्हणून तो आधी हवेत ऐकवायला सांगावा. दर वेळी दीडेक मिलिमीटर जाड आणि दीड-दोन सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखा तुकडा निघतो. असे चार ते सहा घेतात. अर्ध्या तासात सगळं आटोपतं, टाका बहुधा लागत नाही.

नंतर दहा-पंधरा मिनिटं दाबून धरतात. त्यात कसर झाली तर आत रक्त साकळतं, जागा काळीनिळी होते आणि गाठ वाढल्यासारखी हाताला लागते. ‘सुईनंतर गाठ मोठी झाली’ यातल्या कित्येक गोष्टींचं मूळ हे साकळलेलं रक्त असतं. ते बहुधा काही आठवड्यांत जिरतं. दाबूनही रक्त थांबत नसेल, सूज वाढतच असेल, ताप किंवा पू आला तर लगेच दवाखाना गाठावा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं. स्वतःच्या मनाने ती बंद करू नये, हृदयात स्टेंट असलेल्यांनी तर नाहीच.

मुलाची अडचण वेगळी होती. “गावात बारीक सुईची तपासणी झाली होती, त्यात काही निघालं नव्हतं. मग परत कशाला?” त्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, बारीक सुईने सुट्या पेशी ओढतात. त्यातून पेशी कशा आहेत ते कळतं, पण त्या भोवतालच्या भागात शिरल्या आहेत का ते कळत नाही. काकूंना सांगितलेल्या जाड सुईच्या कोअर बायोप्सीत ऊतीचा सलग दोरा मिळतो, त्यावर रचना दिसते आणि पुढच्या चाचण्याही होतात. हाताची तपासणी, मॅमोग्राफी आणि नमुना या तिन्हींचं एकमत व्हायला हवं. मॅमोग्राफी बायरॅड्स ५ सांगत असेल आणि सुई ‘काही नाही’ म्हणत असेल, तर सुई चुकीच्या जागी गेली असं धरून नमुना पुन्हा घेतात.

लहान गावांत नमुन्याची बाटली नातेवाइकांच्या हातात देऊन लॅबला पाठवतात, आणि गडबड तिथेच होते. बाटलीत दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिन (नमुना टिकवणारं द्रावण) हवं, नमुन्याच्या किमान दहापट. नमुना काढल्यापासून तासाभराच्या आत त्यात पडला पाहिजे. पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवला तर पेशी सडू लागतात. बर्फात किंवा फ्रीजरमध्ये अजिबात ठेवू नये. स्तनाच्या नमुन्याला फॉर्मॅलिनमध्ये सहा ते ७२ तास मिळायला हवेत; कमी-जास्त झालं तर हार्मोनच्या चाचण्या फसतात. म्हणून शनिवारी संध्याकाळी घेतलेली बाटली मंगळवारपर्यंत घरात पडू देऊ नका. बाटलीवर नाव, वय, डावी की उजवी बाजू, तारीख आणि वेळ आहे का ते तिथेच वाचून घ्या. मानेची गाठ असेल आणि क्षयाचाही संशय असेल तर एक तुकडा सलाईनमध्ये वेगळा मागा. फॉर्मॅलिनमध्ये क्षयाचे जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची चाचणी, करता येत नाही.

तिसऱ्या तारखेला काकू वेळेवर आल्या. त्यानंतरचे दिवस जड गेले. मुलाचा रोज फोन यायचा, “एवढा उशीर म्हणजे वाईटच असणार ना?” तसं नसतं. नमुन्यातलं पाणी अल्कोहोलने काढायचं, तो मेणात बसवायचा, तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे, मग पॅथॉलॉजिस्टने बघायचे. यातली कुठलीच पायरी घाईने होत नाही. पहिल्या रिपोर्टला आठवडाभर लागतो. त्यानंतर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या) आणि हर-२ (पेशींवरच्या एका प्रथिनाची) या चाचण्यांना आणखी काही दिवस. हर-२ ‘२+’ आला तर फिश नावाची आणखी एक चाचणी लागते. त्याचा अर्थ उत्तर अजून पक्कं नाही, एवढाच.

रिपोर्ट हातात पडला आणि मुलगा रडतच आला. “मॅडम, तिसरी स्टेज आहे.” कागदावर ‘ग्रेड ३’ होतं. ही गल्लत मी सतत बघते. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्या आहेत. त्याला तीन ते नऊ गुण असतात, आठ किंवा नऊ आले की ग्रेड ३. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचला आहे. ती गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि इतर अवयवांच्या तपासणीवरून ठरते. ग्रेड ३ असून पहिली स्टेज असू शकते. काकूंची दुसरी निघाली. ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह. त्यांना कुठली औषधं लागतील आणि कुठली लागणार नाहीत, हे याच दोन ओळींवर ठरलं. सरकारी योजनेतून उपचारांची मंजुरी मागतानाही हाच रिपोर्ट जोडावा लागला.

दिरांना दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं होतं. ते विचारताना त्यांना संकोच वाटत होता, त्याचं काहीच कारण नाही. त्यासाठी पुन्हा सुई टोचून घेऊ नका. लॅबकडे अर्ज करून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागा. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी त्यांवरूनच फेरतपासणी होते. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतो का ते घेतानाच बघा. स्लाइड काचेच्या असतात, त्या डबीतूनच न्या. आणि उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडून नमुना बिघडतो.