इंग्लंडमधल्या लहान खेड्यांच्या चर्चमध्येही युद्धात पडलेल्या सैनिकांची नावं का कोरलेली असतात?

मुख्य कारण असं की पहिल्या महायुद्धात ब्रिटनने सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणू दिले नाहीत. मुलगा फ्रान्स-बेल्जियमच्या मातीत, अनेकदा तर त्याची कबरही सापडलेली नाही. मग आईबापांनी फुलं वाहायची कुठे? म्हणून गावोगाव वर्गणी काढून स्मारकं उभी राहिली, कुठे चर्चच्या आत पाटी, कुठे अंगणात दगडी क्रूस. बऱ्याच ठिकाणी नावं हुद्द्यानुसार नव्हे, आडनावांच्या वर्णक्रमाने आहेत. हे मला फार मोलाचं वाटतं. एकाच आडनावाची दोन-तीन नावं सलग दिसली की मन हलतं. १९३९-४५ ची नावं बहुधा खाली नंतर जोडलेली असतात.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ही नावं मोठ्याने वाचतात, अकरा वाजता दोन मिनिटं स्तब्धता पाळतात.

एखाद्या नावाचा शोध घ्यायचा असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर पलटण, मृत्यूची तारीख आणि कबरीचं ठिकाण विनामूल्य मिळतं. तिथे भारतीय सैनिकांच्याही नोंदी आहेत. आपल्याकडच्या गावांतल्या १९१४-१९ च्या शिळांवर बहुधा किती जण गेले आणि किती पडले एवढंच असतं, त्यामुळे मराठी घरांनीही या नोंदी जरूर चाळाव्यात.