रविवारी पोट का दुखत नाही

"मावशी, मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत आहे. दीड महिना झाला, रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखतं म्हणून रडतो. सोनोग्राफी केली, जंताचं औषध दिलं, डॉक्टर म्हणतात काही नाही. रविवारी ठणठणीत. टीचरशी बोलले, शाळेत कोणी त्रासही देत नाही. दोन महिन्यांपूर्वी सासूबाई हार्ट अटॅकने गेल्या, त्याचं सगळं त्याच करायच्या. पण तेव्हा तेरा दिवस तो चिंचवडला माझ्या बहिणीकडे होता, मस्त रमला, आल्यापासून आजीचं नावही काढत नाही, म्हणजे ते कारण नसावं. मिस्टर मात्र आईचा विषय निघाला की उठूनच जातात. ओंकारेश्वरला दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा 'पिल्लूला सांभाळेन' म्हणून ढसाढसा रडले, त्यानंतर एक शब्द नाही. लाड जास्त झालेत का? कडक वागू का?" - एक आई, पुणे

कडक? त्या पोराशी?

अगं, तेरा दिवस बहिणीकडे होता, मस्त रमला, एवढं अर्ध्या ओळीत उरकून तू पुढे गेलीस आणि मी तिथेच अडकले. जरा त्याच्या जागी बसून बघ. आजी हॉस्पिटलात, याच्या पाठीला बॅग लावली, मावशीकडे मज्जा कर म्हणून गाडीत बसवलं. परत आला तर आजीची कॉट हलवलेली, भिंतीवर हार घातलेला फोटो. काय सांगितलंत त्याला ते तू लिहिलंच नाहीयेस, म्हणजे बहुतेक काहीच नाही, नाहीतर ते नेहमीचं 'देवाघरी गेली'. मग त्याने त्याचं त्याचं शोधलं, मी बॅग घेऊन बाहेर पडलो की घरातलं माणूस नाहीसं होतं. आणि आता रोज सकाळी तू त्याच्या पाठीला परत बॅग लावतेस. रविवारी कशाला दुखेल पोट? नाटक नाहीये ते, खरंच दुखतंय.

नाव काढत नाही म्हणजे विसरला होय! त्याने बघितलंय ना, आजी म्हटलं की बाबा उठून जातात. एक माणूस गेलंय, आता दुसऱ्याला कोण उठवेल?

तर येत्या रविवारी तिघं ओंकारेश्वरच्या घाटावर जा आणि ते तेरा दिवस त्याला पहिल्यापासून सांगा. 'आजी मेली' असंच म्हणायचं. झोपली म्हणालात तर रात्री झोपायला घाबरेल, गावाला गेली म्हणालात तर वाट बघत बसेल. तिचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी प्रयत्न केले, जमलं नाही, ती आता परत येणार नाही. जाळलं हेही सांगा, आणि तेव्हा तिला दुखलं नाही हे लगेच सांगा कारण पोरांचा पहिला प्रश्न तोच असतो. तुझ्यामुळे नाही झालं हे त्याने न विचारता सांगायचं, या वयात मुलांना वाटतं की मी आजीवर ओरडलो होतो म्हणून मेली, आणि ते कोणाला बोलून दाखवत नाहीत. आणि तुला लांब पाठवलं ते आमचं चुकलं, हे तू सांगायचंस, कारण बॅग तूच भरली असणार.

पाच मिनिटं ऐकेल आणि भेळ मागेल. द्या भेळ. मुलं अशीच थोडंथोडं रडतात, मध्येच खेळायला पळतात. मग चार दिवसांनी आंघोळ करताना परत तेच विचारेल, परत तेच उत्तर द्यायचं, न वैतागता.

सोमवारी पोट लगेच थांबेल असं नाही. घ्यायला कोण येणार, किती वाजता, ते सकाळीच सांगायचं आणि त्या वेळेला गेटवर दिसायचं, पाच मिनिटंसुद्धा उशीर नको. काही आठवड्यांनीही तसंच राहिलं तर शाळेच्या काउन्सेलरला भेट किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे.

आणि कावळ्याची गोष्ट घाटावर मिस्टरांनीच सांगायची, तू नाही. कावळ्यावर माझा विश्वास आहे की नाही ते सोड. पण आजीचा जीव कोणात अडकला होता ते गुरुजींना माहितीये, जमलेल्या सगळ्या पाहुण्यांना माहितीये, फक्त त्या पोरालाच माहीत नाही. सांगताना रडू आलं तर येऊ दे त्यांना, उठून मात्र जायचं नाही.