वही गल्ल्याखालून काढा

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात आमचं साड्यांचं दुकान आहे. मुलगी बारावी सायन्स झाली. दोन वर्षं क्लास लावूनही सीईटीला ७१ पर्सेंटाइल. आमच्या गल्लीतली तीन मुलं कॉम्प्युटरला आहेत, तिघांचंही छान चाललंय. म्हणून एक वर्ष रिपीट करून कॉम्प्युटरच घ्यायचं, असं घरात ठरलं आहे. तिला मात्र मानसशास्त्र घेऊन ‘लोक वस्तू कशा निवडतात’ ते शिकायचंय. गणित टाळायला काढलेलं हे खूळ आहे. दुकानात बसवलं तर गिऱ्हाईक सोडून वहीत टिपणं काढते. शेवटी ती वही मी गल्ल्याखाली टाकली. पुरावा म्हणून एका पानाचा फोटो जोडला आहे. वेड्यांच्या डॉक्टरकीत पोरीला काय भवितव्य? तुम्हीच तिला समजवा.

उत्तर : समजवायचं तुम्हाला आहे, ते आधीच सांगून टाकतो.

७१ पर्सेंटाइलची मला काळजी नाही. ‘घरात ठरलं आहे’ या शब्दांची आहे. कोणी ठरवलं? तेव्हा मुलगी तिथे होती का? गल्लीतल्या तीन मुलांची खबरबात तुम्ही दिलीत, पण मुलगी स्वतः काय म्हणाली ते तिच्या शब्दांत एकदाही आलं नाही.

बस्ता बांधायला आलेली मंडळी तुम्ही रोज बघता. गादीवर पन्नास साड्या पसरलेल्या, कुणाला काही सुचत नाही. तेवढ्यात शेजारच्या बाई एक मोरपंखी इरकल बाजूला ठेवतात आणि इकडची मावशी लगेच म्हणते, “अहो, ती दाखवा ना.” मघाशी तीच साडी तिच्यासमोर उलगडली होती, तेव्हा तिनं पदराला हातही लावला नव्हता. तुम्ही कॉम्प्युटर अगदी असंच निवडलंत. शेजाऱ्यानं बाजूला ठेवलेलं. क्लासच्या बोर्डावर गुणवंतांचे फोटो असतात; त्या बॅचला एकूण किती पोरं बसली होती, तो आकडा कुठल्या बोर्डावर वाचलात का?

यात तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत सॉलोमन ॲश यांनी १९५१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. समोर तीन रेघा. चौथीएवढ्या लांबीची कोणती, एवढंच सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल. पण ज्याची परीक्षा होती तो एक सोडला, तर खोलीतले बाकीचे सगळे शिकवून ठेवलेले होते आणि एकमुखानं चुकीचं उत्तर देत होते. त्या माणसांसमोर साधारण चारांतले तिघे निदान एकदा तरी डोळ्यांवरचा विश्वास सोडून घोळक्यामागे गेले. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. खोलीत खरं बोलणारा एकच जोडीदार मिळाला, तरी हे वाहवत जाणं झपाट्यानं कमी झालं. तुमच्या घरात मुलीला असा एकही माणूस दिसत नाही.

आता गणिताचं. मानसशास्त्र घेतलं की आकडेमोड सुटली, असं तुम्हाला वाटतं आणि कदाचित तिलाही वाटत असेल. तसं असेल तर तिनं या वाटेला जाऊ नये, सरळ सांगतो. हा विषय संख्याशास्त्रावर उभा आहे. तिच्या वहीचंच पान घ्या. दोन रकाने आहेत : ‘आधी नको म्हटलेली’ आणि ‘दुसरीनं धरल्यावर मागितलेली’. खाली उभ्या रेघांचे गठ्ठे. निरीक्षण फार सुरेख आहे, पण निष्कर्षाला भोक आहे. शेजारच्या बाईंनी उचललेली साडी मुळातच सुंदर असेल तर? मग मावशीनं साडी पाहून मागितली की बाईंना पाहून, हे कसं कळणार? २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एका बातम्यांच्या संकेतस्थळावरचं संशोधन आलं होतं. एक लाखाहून जास्त प्रतिक्रियांमधल्या काहींना संशोधकांनी कुठलीही निवड न करता, चिठ्ठी टाकल्यासारखं, सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत दिलं. वाचकांच्या मतांवरून ठरणारी त्या प्रतिक्रियांची शेवटची गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाली. मजकूर चांगला की वाईट हा प्रश्नच चिठ्ठीनं बाद केला होता. ही चिठ्ठी का टाकायची आणि २५ टक्के हा योगायोग नाही हे कसं ठरवायचं, ते गणित तिला करावंच लागेल. जेईईचं नव्हे, पण गणितच.

वेड्यांची डॉक्टरकी म्हणाल, तर ती वाट वेगळी. क्लिनिकलला, म्हणजे मनाच्या आजारांवर उपचार करायला, जायचं तर पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम लागतो. तुमच्या मुलीनं तो मागितलेलाच नाही. डॅनियल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ. माणसं निर्णय कसे घेतात यावरच्या कामासाठी त्यांना २००२ साली नोबेल मिळालं, तेही अर्थशास्त्राचं.

मार्ग नेहमीचाच : मानसशास्त्रात पदवी, सोबत जमेल तितकं संख्याशास्त्र, मग एमए किंवा कॅट देऊन एमबीए. कामं बाजार संशोधनात, ॲप बनवणाऱ्या कंपन्यांच्या वापरकर्ता-अभ्यासात, मोठ्या कंपन्यांच्या ग्राहक विभागात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे लपवत नाही. ग्राहकाच्या बाजूनंही काम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना बंदी केली. खोटी घाई लावणं ही त्यातलीच एक. (तुमच्या दुकानात ‘या रंगात शेवटचीच राहिलीय ताई’ किती वेळा ऐकू येतं, ते विचारत नाही.)

क्लासची फी गेली ती गेली. ती वसूल करायला पोरीचं आणखी एक वर्ष घालू नका.

या आठवड्यात एवढंच करा. वही तिला परत द्या आणि रोज सकाळी तिला एक साडी बाजूला ठेवू द्या, कुणीतरी पसंत करून ठेवल्यासारखी. साडी चिठ्ठी टाकूनच निघाली पाहिजे आणि चिठ्ठी तिनंच उचलायची. तुम्ही निवडलीत तर जास्त नफ्याचीच निघेल.