मोठ्या कंपनीतील विक्रीची नोकरी : होकार देण्यापूर्वी

प्रश्न : मी लांज्याचा असून माझे वय 24 आहे. बी.कॉम. झाल्यापासून दोन वर्षे एका पतसंस्थेत लिपिक म्हणून काम करीत आहे. साबण, बिस्किटे अशा रोजच्या वस्तू बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने मला विक्री अधिकाऱ्याची नोकरी देऊ केली आहे. राजापूर ते कुडाळ हा भाग माझ्याकडे असेल. मिळकत दुप्पट होईल असे सांगतात, मात्र तिच्यातला बराच भाग इन्सेन्टिव्हचा, म्हणजे विक्रीचा ठरलेला आकडा गाठला तरच मिळणाऱ्या जादा रकमेचा आहे. वडील म्हणतात, हातची नोकरी सोडू नकोस. आपण या क्षेत्रात बावीस वर्षे काढली आहेत, म्हणून आपला सल्ला हवा आहे.
— एक वाचक, लांजा

उत्तर : आपल्या वडिलांची काळजी रास्त आहे. तरीही या नोकरीला मी नावे ठेवणार नाही, कारण माझे घर तिच्यावरच उभे राहिले. मोठ्या कंपनीत पगार ठरल्या तारखेला होतो, आजारपणाचा विमा असतो, कामाचे रीतसर शिक्षण मिळते आणि कंपनीचे नाव सांगताच अनोळखी दुकानदारही दोन मिनिटे थांबून ऐकून घेतो. चोवीसाव्या वर्षी शंभर दुकानांचे हिशेब जवळून पाहायला मिळणे ही तर मोठीच कमाई आहे.

खरी मेख टार्गेटमध्ये आहे. कंपनीच्या लेखी विक्री होते ती वितरकाच्या, म्हणजे कंपनीचा माल घेऊन दुकानांना पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने बिल फाटले की. तो माल पुढे दुकानात गेला का, आणि दुकानातून गिऱ्हाइकाच्या घरी गेला का, हा पुढचा प्रश्न असतो. त्यामुळे महिनाअखेरीला आकडा कमी पडला की गरज नसलेला माल वितरकाच्या गळ्यात मारण्याचा मोह होतो. मीही तो केला आहे. एका जुलैच्या 31 तारखेला रात्री नऊ वाजता एका वितरकाच्या गोदामात मी बिस्किटांची खोकी पत्र्यापर्यंत रचून घेतली. खालची खोकी ओलीने इतकी मऊ पडली होती की बोट लावले की पुठ्ठा आत जाई. माझा इन्सेन्टिव्ह मिळाला, परंतु मुदत संपलेला माल परत घेण्यावरून त्या वितरकाशी पुढे वर्षभर कटकट चालली आणि त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

कोकणात हा ताण अधिक जाणवतो, कारण इथला पैसा ऋतूंप्रमाणे येतो आणि टार्गेट मात्र मुंबईच्या कार्यालयात बसून ठरते. हापूसच्या दिवसांत देवगडकडे हातात पैसा खेळतो, गणपतीला चाकरमानी आले की दुकानांत माल पुरत नाही. पण सहसा 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा साखरी नाट्यासारख्या गावात उधारीची वही तेवढी जाड होते. तिथल्या एका दुकानदाराने मला पावसात उभे असलेले पाहून आत बोलावले, चहा दिला आणि म्हणाले, ‘‘साहेब, बोटी किनाऱ्याला लागल्यात, माल ठेवून काय करू? नारळी पौर्णिमा होऊ दे.’’ त्या दिवशी मी ऑर्डरचा आग्रह धरला नाही. नारळी पौर्णिमेनंतर त्यांनीच फोन केला. असे थांबण्याची मुभा देणारा वरिष्ठ मिळाला, तर ही नोकरी सुखाची होते.

शिवाय आपल्या भागात कोल्हापूरचे घाऊक व्यापारी घाट उतरून तोच माल कमी भावात टाकतात. तिकडेही महिनाअखेरीला कोणाच्या तरी गळ्यात मारलेला माल असतो, आणि त्याचा फटका इकडच्या प्रामाणिक विक्री अधिकाऱ्याला बसतो.

म्हणून होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. त्या भागात सध्या फिरणाऱ्या सेल्समनबरोबर एक दिवस लाइनवर, म्हणजे दुकानांच्या रोजच्या फेरीवर जावे, आणि महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत वितरकाच्या गोदामात डोकावावे. गोदाम भरलेले आणि बाजारातली दुकाने रिकामी असतील, तर गेल्या महिन्याचा आकडा कसा झाला ते कळेल, आणि पुढच्या महिन्यात तो वाढवायचा आपल्याला आहे हेही ध्यानात घ्यावे. वितरकाला एवढेच विचारावे, की आधीचा अधिकारी का गेला.

मिळकतीचा हिशेब मांडताना इन्सेन्टिव्ह शून्य धरावा आणि निश्चित पगारात घर चालते का ते पाहावे. प्रवासभत्ता किलोमीटरवर आहे की ठरावीक रक्कम आहे, हेही विचारावे. पावसाळ्यात रोज शंभर किलोमीटर दुचाकी चालवल्यावर टायर आणि कंबर या दोन्हींचा खर्च आपल्याच खिशातून जातो. नेमणूक कंपनीच्या स्वतःच्या पटावर आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. कार्ड कंपनीचे आणि पगारपत्रक एजन्सीचे असेल, तर बढतीची आश्वासने जपूनच ऐकावीत.

वरील गोष्टी मनाजोग्या आढळल्या, तर आपण ही नोकरी घ्यावी असे मला वाटते. या वयात चूक झाली तरी सावरता येते. मात्र सहीशिक्क्याचे नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत आणि त्यात निश्चित पगाराचा आकडा वेगळा लिहिलेला दिसेपर्यंत पतसंस्थेत राजीनामा देऊ नये.