एकाच घरात एकाला कोरोना जीवघेणा, दुसऱ्याला नुसती सर्दी, असं का? जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

प्रश्न वाचला आणि आमच्या काकांचाच आवाज कानात घुमला: "रक्त एकच न्हवं? मग तुला का नाही एवढं झालं?"

मे २०२१. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. दादा ३४ वर्षांचा, लाल मातीत घुमलेला पैलवान. मी दोन जिने चढलो की धापा टाकणारा. ताप दोघांना एकाच दिवशी. आठव्या दिवशी त्याला ऑक्सिमीटर लावला, तर बोट इतकं जाड की चिमटा नीट बसेना. आकडा ८६. वाटलं, बोटामुळेच. करंगळीला लावला, ८५. माझ्या बोटाला लावला, ९८. रात्रीच गाडी काढून बेळगाव गाठलं. तो १९ दिवस ऑक्सिजनवर होता, मी तोवर म्हशीच्या धारा काढायला लागलो होतो.

दादा वाचला. काकांचा निकाल मात्र तयार: "तालीम सोडलास, म्हणून पडलास." दर दिवाळीला पंगतीत हेच.

साफ चूक. २०२० मध्ये झेबर्ग आणि पेबो या जनुकशास्त्रज्ञांनी दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा (गुणसूत्र म्हणजे जनुकं ज्यावर असतात तो धागा), निअँडरथल या नामशेष मानवाकडून आलेला एक तुकडा कोरोना गंभीर होण्याचा धोका वाढवतो. युरोपात तो साधारण १६ टक्के लोकांत, आपल्या दक्षिण आशियात जवळपास निम्म्यांत. (त्याच निअँडरथलांकडून बाराव्या गुणसूत्रावर आलेला दुसरा तुकडा उलट बचाव करतो.) आई आणि बाप, प्रत्येकाकडे गुणसूत्राच्या दोन प्रती; त्यांपैकी कुठली कोणाच्या वाट्याला येईल, हा छापा-काटा. म्हणून रक्त एक, वाटणी वेगळी. धडधाकट म्हणाल तर त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये दोन घरांतले दोन-दोन तरुण भाऊ व्हेंटिलेटरवर गेले. विषाणू ओळखणारं टीएलआर-७ हे जनुकच त्यांच्यात बिघडलेलं होतं. त्यांनी कुठली तालीम सोडली होती?

चाचणी? पैसे वाया. निकाल काहीही आला तरी डॉक्टर लस घ्या, साखर सांभाळा हेच सांगणार.

हां, वय आणि मधुमेह, लठ्ठपणा यांचा वाटा असतोच, वयाचा तर सगळ्यात मोठा. दादाची जनुकं आम्ही तपासलेली नाहीत, त्यामुळे तो तुकडा त्याच्यात आहेच असं मी छातीठोक सांगत नाही. पण मग काकांनीही सांगू नये. आता हे त्यांना कोण ऐकवणार? यंदाही भाताच्या मळणीला त्यांचाच ट्रॅक्टर लागणार आहे.