'टेक द रेन्स' म्हणजे नेमकं काय? 'टेक ओव्हर'ऐवजी वापरलं तर चालतं का?

सूत्रं हाती घेणं, एवढाच अर्थ. पण स्पेलिंग reins, त्यात 'जी' घालून reigns करू नका, आणि कुणी घालायला लावला तर ऐकू नका. मी ऐकलं होतं.

माझे आजोबा मिरजेत टांगा चालवायचे. स्टेशनवरून रिकामा टांगा घरी आणताना मला मांडीवर बसवून लगाम हातात द्यायचे. "वडू नगंस, नुसता धर. घोड्याला हात कळतोय." घोड्याच्या तोंडातल्या लोखंडी कडीपासून हाकणाऱ्याच्या हातापर्यंत येणारे ते चामडी पट्टे, तेच रेन्स. इंग्रजी शब्द मला नंतर कळला, वस्तू आधीपासून हातात होती.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कंपनीच्या वार्षिक अहवालात नव्या संचालकांबद्दल मी हाच वाक्प्रचार लिहिला. साहेबांनी त्यात 'जी' घातला. तो राज्य करण्याचा 'रेन'. उच्चार एकच, म्हणून कानाला फरक कळत नाही. मी चूक दाखवली तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मराठी मीडियमवाल्यांनी मला इंग्रजी शिकवू नये." अहवाल तसाच छापला गेला. 14 वर्षं झाली, ती प्रत अजून माझ्या कपाटात आहे.

राज्याचा 'रेन' लॅटिनमधल्या 'रेग्नम'वरून आला, म्हणजे राज्य. लगामाचा आला 'रेटिनेरे'वरून, म्हणजे धरून ठेवणं. दोघांचं नातंच नाही. आपल्याच इतिहासात बघा. 1761 साली माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, वय 16. पण कारभार राघोबादादांच्या हातात. 1763 च्या राक्षसभुवनच्या लढाईनंतर माधवरावांनी तो स्वतःकडे घेतला. 'टेक द रेन्स' शोभतं ते तिथे, वस्त्रं मिळाली त्या दिवसाला नाही. पद आणि लगाम यांतला हा फरक ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याचं इंग्रजी तपासू नये.

'टेक ओव्हर'चं म्हणाल तर एका कंपनीने दुसरी विकत घेतली की तिथे तेच लिहा. माणसाने कारभार हाती घेतला तर 'रेन्स' चालतं. आणि हो, 'लगाम घालणे' असं भाषांतर करू नका, ते 'रेन इन'. अर्थ पार वेगळा.

'जी'वाली चूक तुम्हाला छापील इंग्रजीतही दिसेल. कुणी तिचा दाखला दिला, तर शब्दकोश उघडून त्याच्या टेबलावर ठेवा. सगळ्यांसमोर.