दम्याचे इनहेलर परवडत नाहीत. नाशिकमध्ये खर्च कसा कमी करावा?

चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे नाव आणि मात्रा लिहून घ्या (उदा. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल २००/६) आणि तेच जनऔषधी केंद्रात मागा. तिथे खूप स्वस्त पडते. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातही विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, मात्र साठा आहे का ते आधी पाहा. पंपाऐवजी रोटाकॅप्सूल (छोट्या यंत्रातून श्वासाने ओढायची पावडरची कॅप्सूल) चालेल का, हेही डॉक्टरांना विचारा: यंत्र एकदा घेतले की बराच काळ फक्त कॅप्सूल घ्यावी लागते. पावसाळ्यात ती डबीतच ठेवा, दमट झाली की पावडर चिकटते.

खरी नासाडी होते ती पंप थेट तोंडात मारल्याने. बरेचसे औषध घशातच बसते. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) वापरा. महाग वाटला तर अर्ध्या लिटरच्या स्वच्छ प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक पाडा आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्या. हलवा, एक दाब, ४-५ संथ श्वास, मग दुसरा दाब. साबणाच्या पाण्याने धुऊन न पुसता वाळवा.

फक्त पैसे वाचवायला रोजचा स्टेरॉइड इनहेलर बंद करू नका. नुसत्या साल्ब्युटामॉलवर (तात्पुरता आराम देणारे औषध) राहिलात तर श्वासनलिकांची सूज वाढत जाते आणि अटॅक जीवघेणा ठरू शकतो.